एकट्याने लिहिलेल्या टेक्स्ट एडिटरचा कोड कसा लावावा आणि बाहेरच्या लायब्ररी किती घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘किलो’ या छोट्या टेक्स्ट एडिटरचा कोड घेऊन सी भाषेत टर्मिनलमधला एडिटर लिहायला घेतला, वाढत वाढत एकाच फाइलीत सहा हजार ओळी झाल्या. आता ती फाइल फोडायची कशी, बाहेरच्या लायब्ररी घ्यायच्या की सगळं हातानं लिहायचं, आणि प्लगइनसाठी वेगळी रेपो (कोडचं भांडार) हवी का?

फाइल फोडण्याआधी किलोचा सांगाडा एकदा नीट बघा. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी 2016 मध्ये तो हजार ओळींच्या आत बसवला, टर्मिनलचा पडदा रंगवायची एनकर्सेस लायब्ररीसुद्धा न वापरता. त्या मापाला तो कोड झकासच आहे. पण त्यात ‘ई’ नावाचं एक ग्लोबल स्ट्रक्चर आहे, आणि कर्सर, स्क्रोल, खिडकीची उंची-रुंदी, फाइलचं नाव, खालच्या पट्टीवरचा मेसेज, सगळे मजकुराचे रो (ओळी) असं झाडून सगळं त्यातच आहे. प्रत्येक रोमध्ये तर मूळ अक्षरं, टॅब सोडवून पडद्यासाठी तयार केलेली ओळ आणि रंगांची यादी शेजारी शेजारी बसलेली आहेत. म्हणजे मजकूर आणि त्याचं पडद्यावरचं रूप एकमेकांना चिकटलेलं आहे. हे तसंच ठेवून तुम्ही बफर (मजकुराचा साठा), स्क्रीन, इनपुट अशा दहा फायली केल्यात, तर दहाही फायली तेच एक हेडर (सामाईक घोषणांची फाइल) आत ओढणार. तो गुंता आधी एका जागी होता, आता दहा जागी होईल.

म्हणून आधी फायलींची नावं ठरवू नका, कोणी कोणाला ओळखायचं ते ठरवा. माझ्या मते नियम एकच पुरतो: मजकूर सांभाळणाऱ्या भागाला पडदा नावाची चीज जगात आहे हेच माहीत नसावं. पडद्यानं मजकुराला विचारावं, उलट कधीच नाही.

या नियमाचं मोठ्या मापावरचं उदाहरण म्हणजे व्हीएस कोड हा एडिटर. त्याचा सोर्स उघडलात तर थर दिसतात: तळाशी बेस, त्यावर प्लॅटफॉर्म, त्यावर एडिटर, त्यावर वर्कबेंच. वरच्यानं खालच्याला वापरायचं. खालच्यानं वर बघायचं नाही. प्रत्येक थराच्या आत पुन्हा पोटभाग आहेत: कुठेही चालणारा कोड ‘कॉमन’मध्ये, ब्राउझर लागणारा ‘ब्राउझर’मध्ये, नोड लागणारा ‘नोड’मध्ये. एडिटर हा थर वर्कबेंचवर टेकलेला नाही, म्हणूनच तो तेवढाच उचलून ‘मोनॅको’ या नावानं कुठल्याही वेबपानावर बसवता येतो. आणि ही शिस्त कोणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाला (लिंटरला) त्यांनी स्वतःचे नियम शिकवले आहेत. खालच्या थरातून वरचं काही इंपोर्ट केलं की तपासणी नापास होते.

सीमध्ये तसा लिंटर आयता मिळत नाही, पण कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा लिंकर आहे की. मजकुराच्या भागाची वेगळी स्टॅटिक लायब्ररी बनवा आणि एक छोटा चाचणी प्रोग्रॅम फक्त तिच्याशी लिंक करा, टर्मिनलचा कोड न जोडता. उद्या घाईत कोणी बफरमधून पडदा रंगवायचं फंक्शन बोलावलं, तर लिंकर तिथेच अडेल. ही व्यवस्था मला कुठल्याही नियमावलीपेक्षा भरवशाची वाटते, कारण ती कंटाळत नाही.

मग बफर बदललाय हे पडद्याला कळणार कसं? बफरकडे कॉलबॅकची, म्हणजे बदल झाला की बोलवायच्या फंक्शनांची, एक यादी ठेवा. प्रत्येक बदलाला तीन आकडे पुरतात: बदल कुठल्या बाइटपासून सुरू झाला, जुना भाग कुठे संपत होता, नवा कुठे संपतो. हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. ट्री-सिटर या कोडची रचना ओळखणाऱ्या लायब्ररीला मजकूर बदलल्याचं सांगताना हेच द्यावे लागतात, जोडीला ओळ-स्तंभ. आज पडद्यासाठी केलेली सोय उद्या रंगवण्याला आणि अनडूलाही चालेल.

आता लायब्ररींकडे. ‘एकही नको’ हा हट्ट आणि ‘मिळेल ती घ्या’ ही सवय, दोन्ही मला पटत नाहीत. व्हिम या जुन्या एडिटरपासून फुटलेल्या निओव्हिमचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. व्हिम 1991 मध्ये अमिगावर पहिल्यांदा बाहेर पडला, आणि नंतर ज्या ज्या प्रणालीवर गेला तिथल्या अटी सोर्समध्ये साठत गेल्या. 2014 मध्ये निओव्हिम फुटून निघाला तेव्हा त्या मंडळींनी जुन्यापान्या प्रणालींचा कोड उडवला, बिल्ड सीमेक या साधनावर नेलं आणि प्रोसेस, टायमर, इनपुट-आउटपुट यांचा भार लिबयूव्ही या लायब्ररीवर टाकला. म्हणजे लायब्ररी आली ती त्यांचा स्वतःचा भरपूर कोड पुसून आली. उलट दिशेचाही प्रवास त्याच प्रकल्पात आहे: किल्ल्या ओळखणारी लिबटर्मकी आणि टर्मिनलचं अनुकरण करणारी लिबव्हीटर्म या आधी बाहेरच्या होत्या, पुढे त्या सोर्सच्या आतच घेतल्या. व्हिमनंही लिबव्हीटर्म आणि गिटकडून आलेला, दोन फायलींतला फरक काढणारा एक्सडिफ पोटात ठेवला आहे. लायब्ररी लहान असेल, फारशी हलत नसेल आणि तुम्हाला तिच्यात हात घालावा लागत असेल, तर आत घ्या. मोठी असेल आणि तिच्यामागे जागती माणसं असतील, तर बाहेर राहू द्या.

बाहेर ठेवलेल्यांची आवृत्ती मात्र पक्की बांधा. निओव्हिमच्या रेपोत एक साधी टेक्स्ट फाइल आहे: प्रत्येक लायब्ररीचा पत्ता आणि त्याखाली शा-256 हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठसा. एवढंच. डेबियनसारख्या वितरणांना आपल्याच प्रणालीतल्या लायब्ररी वापरायच्या असतात, त्यामुळे सोबतच्या प्रती बंद करायचा पर्यायही बिल्डमध्ये आहे. तुम्हीही तो पहिल्या दिवसापासून द्या. फक्त हॅशवर विसंबून झोपू नका. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत जे चोरदार सापडलं, त्यात घात सुरू करणारी बिल्ड स्क्रिप्ट प्रकाशित टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या सोर्सच्या गाठोड्यात) होती, गिटच्या रेपोत नव्हती. निवडलेली फाइल तीच आली एवढंच हॅश सांगतो, ती चांगली आहे का हे नाही.

एक तिसरा मार्गही आहे, आणि नवे लोक तो सहसा विसरतात: लिंक करूच नका, प्रोग्रॅम चालवा. क्लिपबोर्डसाठी निओव्हिम एक्सक्लिप, डब्ल्यूएल-कॉपी किंवा पीबीकॉपी असले बाहेरचे प्रोग्रॅम बोलावतो. व्हीएस कोडची फायलींतली शोधाशोध रिपग्रेप वेगळ्या प्रोसेसमध्ये करतो. तो पडला तरी तुमचा एडिटर उभा राहतो, आणि वापरणाऱ्याचा न साठवलेला मजकूरही.

एका बाबतीत मात्र हातानं लिहू नका, आणि ती आपल्या लिपीमुळे मला जास्तच खुपते: युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक. ‘क्षि’ घ्या. डोळ्याला एक अक्षर. आत क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक). यूटीएफ-8 मध्ये बारा बाइट. किलो एक बाइट म्हणजे एक स्तंभ धरतो, त्यामुळे मराठी ओळीवर त्याचा कर्सर भलतीकडेच जातो. बरं, ‘कोडपॉइंट मोजू’ म्हणालात तरी भागत नाही. युनिकोडच्या जुन्या नियमानं ‘क्षि’चे दोन तुकडे होत, ‘क्’ आणि ‘षि’. 2023 मधल्या 15.1 आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम आला आणि तो एक तुकडा झाला. म्हणजे डावा बाण एकदा दाबल्यावर कर्सर कुठे थांबतो हे युनिकोडच्या टेबलाच्या आवृत्तीवर ठरतं. सी लायब्ररीच्या रुंदी मोजणाऱ्या फंक्शनवर विसंबलात तर लिनक्सवर एक आणि मॅकवर दुसरंच उत्तर येऊ शकतं.

यासाठी ज्युलिया भाषेची मंडळी सांभाळतात ती यूटीएफ8प्रॉक घ्या. ती छोटी आहे, सीमध्येच आहे. पण तिचं नाव तुमच्या एकाच फाइलीत येऊ द्या. त्या फाइलीतून बाहेर दोनच फंक्शनं दिसावीत: पुढची अक्षरसीमा कुठे आहे, आणि या अक्षराला किती स्तंभ लागतात. उद्या लायब्ररी बदलली तर एक फाइल बदलेल. चाचणीत ‘क्षि’ घालाच, शिवाय ‘दर्‍या’ घाला. त्यातला अर्धा र कोणी शून्य रुंदीचा जोडक घालून टाइप करतं, कोणी नुक्त्याचा ऱ वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट निराळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकरूप करायची रीत) त्यांना एक करत नाही. तुमच्या एडिटरनं ‘अदृश्य कचरा’ म्हणून तो जोडक काढला, तर डोंगरातल्या दर्‍यांचा दर्या होईल. पुढे कधी स्वतःची ग्राफिकल खिडकी केलीत तर अक्षरांच्या जुळणीला हार्फबझ घ्या. ईमॅक्सही 2020 मधल्या 27.1 पासून त्यावरच गेला.

प्लगइनचं उत्तर छोटं आहे. आत्ता वेगळी रेपो नको. ॲटम या एडिटरनं सोबत येणारी पॅकेजेस आधी वेगवेगळ्या रेपोंत ठेवली होती. एखादा बदल गाभा आणि पॅकेज दोन्हींत करायचा तर पॅकेजची नवी आवृत्ती काढा, मग मुख्य रेपोतला आकडा वाढवा, असा दोन ठिकाणचा खेळ व्हायचा. पुढे त्यातली बरीच पॅकेजेस त्यांनी मुख्य रेपोत परत आणली. (ॲटम 2022 च्या डिसेंबरात बंद झाला तो यामुळे नव्हे.) तुमचे प्लगइन आज तुम्हीच लिहिताय, तेव्हा ते त्याच रेपोतल्या एका फोल्डरात राहू द्या, फक्त त्यांना आतली हेडर दिसू देऊ नका, बाहेरच्या प्लगइनला मिळेल तेच एक हेडर द्या.

आणि काहीही जोडण्याआधी परवाना वाचा. किलो बीएसडी या मोकळ्या परवान्याखाली आहे; लिबयूव्ही, ट्री-सिटर, यूटीएफ8प्रॉक, हार्फबझ हे सगळे त्याच्याशी जुळणारे. पण खालच्या पट्टीत ओळ टाइप करायची सोय म्हणून जीएनयूची रीडलाइन घेतलीत तर ती जीपीएल आहे, आणि मग तिच्यासह वाटलेला अख्खा एडिटर जीपीएलच्या अटींवर द्यावा लागेल. तसं हवं असेल तर खुशाल घ्या, नको असेल तर बीएसडी परवान्याची लाइननॉइज आहे. तीही सानफिलिप्पो यांचीच.