व्हिसा नाकारला त्यानंतर

प्रिय पोरी,

काल तुझ्या बाबांनी जर्मनीच्या व्हिसाच्या नकाराचा कागद दाखवला. व्हिसाची मुदत संपण्याआधी तू परत जाशील का याबद्दल शंका, त्या ओळीसमोर खूण. हा कागद सगळ्यांना एकाच छापाचा मिळतो. तू दोन दिवस धड जेवली नाहीस असं कळलं, म्हणून लिहितो आहे.

सिंगापूरचा पोरगा व्हिसा न काढता जर्मनीत उतरतो, 180 दिवसांत 90 दिवस राहू शकतो. तो तुझ्यापेक्षा प्रामाणिक आहे म्हणून नव्हे. आपल्याकडे गावात थकबाकी वाढली की नियमित फेडणाऱ्यालाही सोसायटीत दहा प्रश्न विचारतात ना, तसंच हे. त्या देशाचे किती लोक मुदत संपूनही राहिले, किती जणांनी आश्रय मागितला, पाठवलेल्यांना तो देश परत घेतो का, यावर देश एकमेकांना जोखतात. वर व्यापार आणि राजकारण. अमेरिका तर व्हिसा माफ करताना त्या देशाच्या पर्यटक अर्जांतले नकार 3 टक्क्यांखाली आहेत का, हे बघते. पण हे पक्कं नसतं. 1986 पर्यंत भारतीयाला ब्रिटनमध्ये फिरायला जाण्याआधी व्हिसा काढावा लागत नव्हता. थायलंडला पर्यटक हवे होते, त्यांनी 2023 च्या नोव्हेंबरात आपल्याला व्हिसा माफ केला.

दुसऱ्यांच्या थकबाकीपायी तुला अडवणं मला अन्यायच वाटतो. त्यात आपली आणखी एक अडचण. शहरातली मुलगी पगाराची स्लिप जोडते, तिचं परत येणं कागदावर दिसतं. तुझं परत येणं शेतात आहे, वेचणीत आहे, आईच्या औषधपाण्यात आहे. फाइलमध्ये त्यातलं काय होतं? खात्यात मार्चमध्ये एकदम आलेले दीड लाख. ते कापसाचे, हे तिकडच्या अधिकाऱ्याला कसं कळावं?

तेव्हा या वेळी कापूस विक्रीची पट्टी जोड, पैसे आलेली तारीख तीवर जुळली पाहिजे. बाबांच्या नावचा डिजिटल सहीचा सातबारा काढ. तू ज्या शेतकरी कंपनीत माती तपासतेस, त्यांच्याकडून रजेचं आणि रुजू होण्याच्या तारखेचं पत्र घे. कुणी एजंट खात्यात पैसे फिरवून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठव. आधीचा नकार लपवू नको, विचारलं तर सरळ लिही. फीचे 90 युरो गेले ते गेले, ते परत मिळत नाहीत.

सातबाऱ्याचं इंग्रजी मी करून देतो, रविवारी ये. मग त्यावर अधिकृत भाषांतरकाराचा शिक्का नागपूरहून घेऊ.

तुझे सर