बैठकीला कोणी येत नाही, मग विचारायचं कुणाला?

प्रश्न : मी दोन वर्षं आमच्या गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. बैठकीला आम्ही पाच-सहाजणी, बाकीच्यांच्या सह्या मागाहून घरोघरी फिरून. आता तालुक्याहून निरोप आलाय, लोकांना निर्णयात घ्यायची एखादी नवी पद्धत प्रायोगिक तत्त्वावर करून बघा. दवंडी द्यावी, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारावं, का आणखी काही?
— एक सदस्य, पन्हाळा तालुका

उत्तर : ताई, सह्यांचं खरं सांगितलंत, बरं वाटलं. आरोग्य सेविका म्हणून एकतीस वर्षांत मीही अशा सह्या पुष्कळ गोळा केल्यात.

आमची बैठक सकाळी अकराला असायची. त्या वेळी बायका भांगलणीला गेलेल्या. येणार कोण? मग एका वर्षी आशाताई आणि मी दूध संस्थेत जाऊन बसलो. आपल्याकडं दिवसातून दोनदा सगळं गाव कुठं येत असेल तर तिथंच. किटली घेऊन रांगेत उभं राहायचं, दुधाची फॅट मोजून होईपर्यंत पाच-दहा मिनिटं रिकामी. तेवढी पुरतात.

चार डबे मांडले. उपकेंद्राचे थोडे पैसे शिल्लक होते, ते कशावर घालायचे एवढाच प्रश्न. एका डब्यावर खुर्चीचं चित्र, एकावर बीपीच्या मशीनचं, एकावर बल्बचं. चौथा कोरा, ‘तुम्हीच सांगा’चा. प्रत्येकीला तीन शेंगदाणे. पहिल्या दिवशी निम्मी मतं पोरांनी खाल्ली, दुसऱ्या दिवशी मक्याचे दाणे आणले.

एका म्हातारीनं तिन्ही दाणे कोऱ्या डब्यात टाकले आणि म्हणाली, “कडी लावा की त्या खोलीला.” तपासणीच्या खोलीचं दार आतून लागत नव्हतं. बाहेर पोरं डोकवायची, म्हणून गरोदर बायका टेबलावर झोपायला तयार नसत. मी समजत होते, लाजतात. आठ वर्षं मी त्या खोलीत काम केलं, आठ वर्षं बैठका झाल्या, आणि कडीचा विषय एकदाही निघाला नाही. कडी आणि पडदा मिळून पाचशेच्या आत झालं. तिसऱ्या दिवशी कडी बसली, ती सगळ्यांनी बघितली.

आता फसलेलं सांगते. त्याच जोरावर पुढच्या खेपेला आम्ही विचारलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर कधी हवेत? बायकांनी भरभरून सांगितलं : संध्याकाळी, रानातनं आल्यावर. आम्ही कागद वर पाठवला. तीन महिने उत्तर नाही, आणि उत्तर नाही हेही आम्ही गावाला सांगितलं नाही. परत डबे मांडले तर एकजण किटली उचलून म्हणाली, “मागचं काय झालं ते आधी सांगा.” त्यानंतर दाणे कुणी हातात धरले नाहीत.

म्हणून आधी बघा, तुमच्या हातात काय आहे. गावसमितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो. तो कशावर घालायचा, हे खरोखर तुम्ही ठरवू शकता. तिथूनच सुरू करा. डॉक्टरांच्या वेळा, रिकामी पदं हे तुमच्या हातातलं नाही. ते आधी महिला सभेत मांडा, मग ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवा, आणि लोकांना तसं स्वच्छ सांगा. आलेलं उत्तर, नकार असला तरी, दूध संस्थेच्या फळ्यावर तारखेसकट लिहा.

हे काही अगदी नवं नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख प्रायोगिक म्हणूनच सुरू झाली. गावानं आपल्या आरोग्य सेवांना हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचं. रंगांचा तक्ता तुम्हालाही चालेल, अक्षर न येणारीलाही तो कळतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर माझा भरवसा कमी. फोन घरात एकच, तो पोराच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात. दवंडी निरोप पोचवते, गाऱ्हाणं ऐकून घेत नाही.

पहिली फेरी ऊसतोड सुरू व्हायच्या आत उरका. मग टोळ्या आल्या की डबे त्यांच्या खोपटांपर्यंत न्या. तोडकरी बायकांचं नाव तुमच्या गावच्या यादीत नसतं, पण हंगामात बाळंतपण आलं तर त्या तुमच्याच उपकेंद्राच्या दारात येतात.