बाळाची जीभ चिकटली आहे, कापावी लागेल का?

ठाण्यात स्तनपान समुपदेशन करताना हा प्रश्न मला आता इतक्या वेळा विचारला जातो, की बाळ मांडीवर येण्याआधी त्याच्या उघड्या तोंडाचा मोबाइलवरचा फोटोच समोर येतो. घोडबंदर रोडहून आलेल्या, तीन आठवड्यांच्या मुलीच्या आईनेही तसेच केले.

"मॅडम, जीभही चिकटली आहे आणि वरचा ओठही. दोन्ही कापायला सांगितलंय."

"आमच्या वेळी कोणी जिभा उचलून बघत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "हिला दूधच कमी आहे. वरचं सुरू करा, म्हणते मी."

मी फोटो बाजूला ठेवून बाळाला पाजायला सांगितले, कारण जिभेखालचा पडदा प्रत्येकालाच असतो आणि तो आखूड दिसला तरी अनेक बाळे व्यवस्थित पितात. जिभेची हालचाल अडून दूध ओढता येत नसेल, तेव्हाच तो उपचाराचा विषय होतो. वरच्या ओठाचा पडदा तर नवजात बाळांत ठळक असणे स्वाभाविकच आहे. स्तनपानासाठी तो कापण्याची गरज नाही, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनेही २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ओठाचा विषय मी तिथेच संपवला.

पाजताना आईचे खांदे कानांपर्यंत चढले. बाळ टचटच आवाज करीत होते, वारंवार सुटत होते आणि स्तनाग्र बाहेर आले ते नव्या लिपस्टिकच्या टोकासारखे तिरके दबलेले. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकवून, नाक स्तनाग्रासमोर आणून, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायला शिकवल्यावर वेदना कमी झाल्या. मात्र स्तनाग्र दबायचे थांबले नाही, आणि वजनही जन्मवजनाच्या खालीच होते.

पुढच्या भेटीत मी आईला हाताने दूध काढायला लावले. वाटी भरत गेली तशा सासूबाई पुढे सरकल्या. "अगं, दूध तर आहे की!" त्या म्हणाल्या, आणि ते दूध बोंडल्याने पाजायला त्यांनीच बाळाला उचलून घेतले. आई रडू लागली. समजावणीच्या शब्दांपेक्षा डोळ्यांसमोरचा पुरावा घरातला वाद लवकर मिटवतो, हे माझे जुने मत आहे, आणि अशा वेळी त्याचा थोडा अभिमानही वाटतो. दूध कमी नव्हते. बाळाला ते ओढता येत नव्हते.

त्यानंतरच मी त्यांना बालशल्यचिकित्सकांकडे पाठवले. जन्मतः व्हिटॅमिन के दिले असल्याची आणि घरात रक्तस्रावाचा आजार नसल्याची खात्री करून त्यांनी फक्त जिभेखालचा पडदा कापला आणि लगेच बाळाला अंगावर घ्यायला सांगितले. ते नीट प्यायला शिकेपर्यंत दूध काढून पाजणे सुरूच राहिले, कारण स्तन रिकामे झाले नाहीत तर दूध खरोखरच कमी होते.

म्हणून तोंडात टॉर्च मारण्याआधी आईला विचारावे की पाजताना वेदना टिकून राहतात का, पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर लघवी होते का, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास जन्मवजन परत आले का. बाळ सुस्त असेल, पिण्यासाठी उठतच नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर समुपदेशकाच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे.