कॅलिपर रंगवताना रंग कुठे लागू द्यायचा नाही, हे आधी ठरवा

आपण विचारले आहे की बंपरवरचे आणि दाराच्या कडेचे टवके बुजवण्यासाठी गाडीच्या मूळ रंगाचा जो स्प्रे आणला आहे, त्यानेच पुढचे दोन्ही ब्रेक कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबणारे भाग) रंगवले तर चालेल का, आणि कॅलिपर न सोडवता, केवळ चाके काढून हे काम दोन दिवसांत होईल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. दुसऱ्याचे हो, परंतु त्या दोन दिवसांतला बहुतेक वेळ घासण्यात, धुण्यात आणि टेप चिकटवण्यात जाईल, हे गृहीत धरून कामाला लागावे.

पत्र्यासाठीचा रंग कॅलिपरवर टिकत नाही, याची कारणे दोन. लांब उतारावर सतत ब्रेक दाबावा लागला की डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते आणि तिला कवेत घेऊन बसलेला कॅलिपरही शंभर अंशांच्या पुढे जातो. त्या उष्णतेत साधा रंग मऊ पडतो, काळवंडतो आणि पापुद्र्यांनी सुटू लागतो. दुसरे कारण ब्रेक ऑइलचे आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ऑइले ग्लायकॉल वर्गातली असून गाडीचा रंग अक्षरशः विरघळवतात. ऑइल बदलताना निपलपाशी, म्हणजे जुने ऑइल बाहेर काढण्याच्या तोटीपाशी, थेंब सांडला तरी तिथला रंग फुगून निघून येतो. म्हणून कॅलिपरसाठीच बनवलेला, उष्णता आणि रसायने सोसणारा रंग घ्यावा. त्यावरही ऑइल सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. ते पाण्यात मिसळते, त्यामुळे वेळीच धुतल्यास रंग वाचतो.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलल्यावर तिचा भार जॅक स्टँडवर, म्हणजे न हलणाऱ्या पक्क्या टेकूवर, घ्यावा. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीजवळ बसून ब्रेकचे काम कधीही करू नये. कॅलिपरवर साचलेली काळी भुकटी हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने उडवू नये. ती श्वासात जाणे घातक असते, आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते. ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने ती आधी भिजवावी, मगच वायर ब्रश हाती घ्यावा. अनेकजण या टप्प्यावर रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल वापरतात. ते कटाक्षाने टाळावे, कारण ब्रेकमधले रबर ब्रेक ऑइल सहन करील अशा जातीचे असते आणि खनिज तेलाच्या संपर्कात ते फुगते. पॅड दाबणाऱ्या पिस्टनभोवतीच्या रबरी आवरणाला वायर ब्रशचा स्पर्शही होऊ देऊ नये, ते फाटले तर आत पाणी जाऊन पिस्टन गंजतो. सुटा गंज निघून धातू घट्ट लागेपर्यंत घासावे आणि शेवटी धागे न सुटणाऱ्या कापडाने, पांढरे कापड पांढरेच राहीपर्यंत, ब्रेक क्लीनरने पुन्हा पुन्हा पुसावे. बोटांचा तेलकटपणासुद्धा रंगाची पकड सोडवतो, तेव्हा इथून पुढे हातमोजे घालावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पॅडच्या दोन्ही टोकांचे कान कॅलिपरच्या ब्रॅकेटमधल्या (कॅलिपर धरून ठेवणाऱ्या चौकटीतल्या) ज्या खाचांत बसून मागेपुढे सरकतात, त्या खाचांत रंगाचा थेंबही जाता कामा नये. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी ब्रॅकेट सर्व बाजूंनी मन लावून रंगवले होते. काही दिवसांनी एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापू लागले, जळल्यासारखा वास येऊ लागला, आणि उघडून पाहिले तेव्हा पॅड खाचेत अडकून डिस्कला सतत घासत होते. रंगाचा थर डोळ्यांना नगण्य वाटतो, पण तिथली मोकळीक मुळातच फार थोडी असते. मला त्या खाचा पुन्हा धातूपर्यंत खरवडाव्या लागल्या आणि एक पॅडची जोडी वाया गेली. तेवढीच काळजी सरकत्या पिना व त्यांची रबरे, पिस्टन, निपलचे तोंड व आटे, ब्रेकच्या नळीचा जोड, डिस्कचा घासला जाणारा भाग आणि हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) चाक टेकते तो सपाट पृष्ठभाग यांची घ्यावी. हबवर रंग राहिला तर गाडी चालवताना तो दबून जातो आणि आवळलेले नट सैल पडू शकतात.

कॅलिपर जागेवर असताना स्प्रेपेक्षा ब्रश बरा, असे माझे मत आहे. स्प्रेसाठी आजूबाजूचे सगळेच झाकावे लागते आणि तरीही धुके डिस्कवर बसते. ब्रशने दोन किंवा तीन पातळ हात द्यावेत. जाड हाताचे ओघळ येतात आणि आतला द्रावक अडकून राहतो. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो तंतोतंत पाळावा. काही इनॅमल रंगांना पुढचा हात एका तासाच्या आत द्यावा लागतो, नाहीतर थेट सात दिवसांनी. मधल्या काळात दिल्यास नव्या थरातला द्रावक खालचा अर्धवट वाळलेला थर फुगवतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. डब्यावर भट्टीत तापवून पक्का करण्याची सूचना असली, तरी रबरे बसवलेल्या आणि ऑइल भरलेल्या कॅलिपरला ती लागू करू नये, हीट गनही लावू नये. रात्रभर वाळू द्यावे, पुढे ब्रेकच्या उष्णतेनेच तो हळूहळू पक्का होत जातो. चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून, गाडी खाली घेतल्यावर ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराने, पुन्हा तपासावेत. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबावे आणि पहिले काही ब्रेक मोकळ्या जागी, कमी वेगात लावून पाहावेत.

टवक्यांचे काम तुलनेने सोपे आहे, फक्त त्याला दोन दिवस पुरत नाहीत. रंगाचा कोड सहसा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असतो. तो जुळला तरी जुन्या गाडीचा रंग उन्हाने फिकटलेला असतो, म्हणून आधी एका कार्डावर लावून, वाळवून, गाडीशेजारी धरून पाहावे. दाराच्या कडेला पत्रा उघडा पडला असेल तर गंज पूर्ण काढून प्रायमर द्यावा. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने त्याला प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर लागतो. एवढ्याशा टवक्याला स्प्रे न करता, थोडा रंग झाकणात फवारून काडीच्या टोकाने थेंब सोडावा, आणि तो वाळून खाली बसला की पुढचा, असे करत खड्डा भरावा. बंपरमागे रडार असेल तर त्या जागेवर रंगाचे थर चढवण्यापूर्वी उत्पादकाच्या सूचना पाहाव्यात, कारण थराची जाडी आणि त्यातले धातूचे कण त्याच्या लहरींना अडथळा करू शकतात. हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) मिसळायचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घरी फवारू नये. त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो आणि साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही.

भरलेला टवका समपातळीत घासण्याची घाई करू नये. मूळ क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचाच असतो, म्हणजे केसापेक्षा पातळ. थेंब निदान आठवडाभर वाळल्यावर पी २००० चा वॉटर पेपर लहान ठोकळ्यावर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात, केवळ वर आलेल्या भागावर फिरवावा, नंतर पी ३००० आणि शेवटी पॉलिश. दाराच्या धारेवर मात्र पेपर अजिबात चालवू नये. तिथे मूळ थर आणखी पातळ असतो आणि दोन-चार फेऱ्यांत खालचा प्रायमर दिसू लागतो.