मुलाने लेझर डोळ्यात मारून घेतला, पण दुखत नाहीये. तरी डॉक्टरांकडे न्यावं का?

हो, न्या. शक्यतो उद्याच, आणि रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, तपासणाऱ्या डॉक्टरांकडेच. तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांच्या मुलाने जत्रेतल्या हिरव्या लेझरकडे टक लावून पाहिलं, डोळा लाल नाही, पण ‘मधे डाग दिसतो’ असं एकदा म्हणाला. मला त्या डागाचीच काळजी वाटते. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. आत भाजलं तरी बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासणं हे माझं काम, माझ्याकडे लहान मुलं बरीच येतात. मोठ्या माणसाच्या डोळ्यावर झोत आला की पाव सेकंदात पापणी मिटते आणि 1 मिलिवॅटच्या लेझरपासून तेवढ्याने बचाव होतो. मुलं मात्र मुद्दाम रोखून बघतात. रोखून बघताना झोत नेमका मॅक्युलावर, म्हणजे अक्षरं आणि चेहरे ओळखणाऱ्या भागावर पडतो. 2018 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ग्रीसमधल्या 9 वर्षांच्या मुलाची केस आली होती. हिरव्या लेझरने त्याच्या डाव्या मॅक्युलाला भोक पडलं, त्या डोळ्याची नजर 6/30 वर आली (म्हणजे इतरांना 30 मीटरवरून दिसतं ते त्याला 6 मीटरवरूनच दिसायचं) आणि दीड वर्षानंतरही तेवढीच राहिली. उजवा डोळा 6/6, म्हणजे अगदी नॉर्मल होता. एक डोळा चांगला असला की मूल सगळं निभावून नेतं, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. आज एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावा. वाचले तरी ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याच्या थरांचा प्रकाशाने काढलेला फोटो, टाळू नका. त्यात सुई वगैरे काही नसते, काही मिनिटांत होतो.

पॉइंटरवर ‘5 मिलिवॅटपेक्षा कमी’ छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. स्वस्त हिरव्या पॉइंटरांची ताकद लेबलपेक्षा पुष्कळ जास्त निघते, शिवाय फिल्टर नसेल तर न दिसणारे इन्फ्रारेड किरणही बाहेर पडतात.

एक कळकळीची विनंती, त्याला रागावू नका. मार बसेल या भीतीने मुलं ‘लेझर नव्हताच’ म्हणतात. मग पडद्यावरचा डाग आनुवंशिक आजाराचा समजला जातो आणि नको त्या तपासण्या सुरू होतात. किती वेळ पाहिलं, किती जवळून, एका डोळ्याने की दोन्ही, हे शांतपणे विचारून लिहून ठेवा.

खात्रीचं औषध यावर नाही. काही मुलांची नजर काही महिन्यांत बरीच सुधारते, काहींची नाही. घरातले कुठलेही थेंब घालू नका. जाताना तो पॉइंटर सेल काढून सोबत न्या, डॉक्टर मागतील.