परसातली मिरची: औषधाआधी पान उलटून बघा

प्रश्न (पाथर्डी तालुक्यातल्या एका ताईंचा): न्हाणीमागे आणि कुंड्यांत मिळून ज्वाला मिरचीची पंधरा रोपं आहेत. शेंड्याची पानं आकसून गोळा झालीत, फुलं गळतात. घरात कपाशीचं औषध शिल्लक आहे, ते मारू का? शिवाय यंदा ढोबळी तिखट निघाली. शेजारी लवंगी होती, तिच्यामुळे का?

उत्तर: ताई, कपाशीची बाटली आधी कुलपात ठेवा. परसातली मिरची आज तोडली की आजच पाट्यावर जाते. फवारणी आणि तोडणी यांत जे दिवस सोडायचे असतात, ते घरी कोण मोजतं?

आता एक शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटका आणि पान उलटून उन्हात धरा. कागदावर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे सरकताना दिसले आणि पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल, तर ते फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, देठ लांबट वाटत असेल, तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारा अगदी बारीक किडा. तो साध्या डोळ्यांना दिसणं अवघड. दोन्ही नसून नवी पानं बारीक, पिवळट, गुच्छासारखी येत असतील, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, आपल्याकडचा बोकड्या. त्याला औषध नाही. ते रोप उपटून जाळा, जीव लावू नका.

फुलकिड्यांसाठी 50 ग्रॅम सुक्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा टाका आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. निळा चिकट सापळाही लावा. पांढऱ्या माशीसाठी मात्र पिवळा. कोळी असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लेबलवरच्या प्रमाणात वापरा, पण भर उन्हात नको आणि निंबोळीच्या फवारणीला लागूनही नको.

फुलगळीचं कारण बहुधा दुसरं आहे. पारा पस्तिशीच्या वर गेला की मिरची फुलं टाकते. दुपारी जुनी साडी वर बांधा. पाणी थोडं थोडं पण नियमाने द्या. एक दिवस तळं आणि चार दिवस भेगा असं नको. युरियाची मूठ टाकली असेल तर पाला माजेल, मिरची लागणार नाही.

आता लवंगीवरचा आळ. शेजारच्या परागाने यंदाचं फळ तिखट होत नाही. तिखटपणा असतो बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात, आणि तो गाभा त्याच झाडाचा. संकर होतो तो बियांत, आणि तो दिसतो पुढच्या पिकात. तुम्ही मागच्या वर्षीच्या ढोबळीचं बी घरीच धरलं होतं का? तसं असेल तर मधमाश्यांनी लवंगीचा पराग मागच्याच वर्षी आणला. यंदाचं बी धरू नका. ती मिरची भज्यांत घाला.

ठेचा करताना हात भगभगले तर नुसतं पाणी ओतून फरक पडत नाही, कारण तिखट पाण्यात विरघळत नाही. आधी गोडेतेल चोळा, मग साबण लावा. तोंड पोळलं तर दही.

लाल झालेली मिरची वाळवताना जमिनीवर टाकू नका, स्वच्छ ताडपत्री घ्या आणि रात्री दव पडण्याआधी झाका. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की डब्यात भरा. बुरशीचा काळा डाग दिसला तर ती मिरची कांडपात मिसळू नका, टाकून द्या.