पाच पानांची साइट आणि न संपणारे बदल

प्रश्न : पाच पानांची वेबसाइट ठरावीक रकमेत करून द्यायची ठरलं होतं. तीन महिने झाले तरी क्लायंट रोज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एक छोटासा बदल’ सांगतो. नाही म्हटलं तर संबंध बिघडतील आणि हो म्हणत राहिलो तर काम पदरमोड करून होतंय. काय करावं?

उत्तर : ‘पाच पानं’ हे कामाचं माप नव्हे, गडबड तिथेच झाली. पत्ता आणि फोन नंबर असलेलं पान दोन तासांत होतं. ज्यात वस्तू गाळून-निवडून बघता येतात, ते पान तीन दिवस खातं. मोजताना दोन्ही एकेकच. म्हणून कोटेशनमध्ये पानांऐवजी वेगळ्या मांडण्या किती, फॉर्म किती आणि ते भरल्यावर माहिती कुठे जाणार, मजकूर कोण देणार, हे लिहा. त्याखाली काय येणार नाही तेही लिहा : लोगो, फोटो, भाषांतर, ईमेलची जोडणी, साइट सुरू झाल्यानंतरची देखभाल. वाद बहुतेक वेळा या न लिहिलेल्या ओळींवरूनच होतात.

बदलांच्या फेऱ्या दोन ठेवा, पण फेरी म्हणजे काय तेही सांगा. सगळ्या सूचना एकाच डॉक्युमेंटमध्ये, एकाच माणसाकडून आल्या की ती एक फेरी. ‘एकाच माणसाकडून’ हे शब्द गाळू नका. भागीदाराला निळा हवा आणि मालकाला हिरवा, हा तंटा मिटवणं हे डिझायनरचं काम नाही. पहिली फेरी वायरफ्रेमवर, म्हणजे नुसत्या चौकटींच्या कच्च्या आराखड्यावर घ्या. तिथे एखादा भाग वर-खाली करायला पाच मिनिटं लागतात. कोड झाल्यावर तोच भाग हलवला की मोबाइल, टॅब्लेट, मोठा स्क्रीन, सगळं पुन्हा तपासावं लागतं. क्लायंटला हे दिसत नाही, म्हणून त्याला दोन्ही बदल सारखेच ‘छोटे’ वाटतात.

आता अडकलेल्या कामाचं. तीन महिन्यांचे मेसेज एका तक्त्यात उतरवा आणि प्रत्येकासमोर ‘चूक’ किंवा ‘बदल’ लिहा. ठरलेली गोष्ट चालत नसेल तर ती चूक. ती फुकट दुरुस्त करायची, कुरकुर न करता. ठरल्याप्रमाणे चालतंय पण आता वेगळं हवंय, तर तो बदल. त्यासमोर तास लिहायचे. मग तक्ता ईमेलने पाठवा : ‘यातल्या सात गोष्टी मूळ कामातल्या आहेत, त्या शुक्रवारपर्यंत देतो. उरलेल्या नऊंना अंदाजे चौदा तास लागतील. यातल्या कोणत्या करायच्या ते कळवा.’ इथे कुठेही ‘नाही’ म्हणावं लागत नाही. तास समोर आले की नऊपैकी निम्म्या गोष्टींची निकड आपोआप ओसरते.

प्रश्न : डिझाइन मंजूर झालं, साइट बांधून तयार आहे, पण दोन महिने मजकूरच आलेला नाही. शेवटचा अर्धा हप्ता ‘साइट सुरू झाल्यावर’ मिळणार आहे. तो अडकला.

उत्तर : साइट कधी सुरू होणार हे तुमच्या हातात नाही, मग पैसे त्या तारखेला का बांधलेत? हप्ते तुम्ही जे हातात देता त्याला बांधा : ४० टक्के सुरुवातीला, ३० डिझाइन मंजूर झाल्यावर, २० तात्पुरत्या पत्त्यावर (स्टेजिंगवर) साइट दाखवल्यावर आणि उरलेले १० साइट सुरू करण्याआधी. करारात आणखी एक ओळ हवी : दहा कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर काम थांबेल आणि पुढच्या रिकाम्या तारखेला सुरू होईल.

नुसतं ‘मजकूर पाठवा’ म्हटलं की तो येत नाही, कारण कोरं पान भरणं कुणालाच जमत नाही. प्रत्येक पानासाठी जागा आखलेलं डॉक्युमेंट द्या : शीर्षक, ६० अक्षरांच्या आत, ओळख, ४०-५० शब्द, एक आडवा फोटो, रुंदी किमान १६०० पिक्सेल. फोटो ड्राइव्हवर मागवा. चॅटवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसून येतो आणि मोठ्या स्क्रीनवर फाटल्यासारखा दिसतो. मजकूर मराठीत असेल तर तो युनिकोडमध्येच हवा, हे आधी सांगा. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला की ब्राउझरमध्ये नुसता अक्षरांचा कचरा दिसतो. आणि मराठी साइटचं डिझाइन नुसती जागा भरायला टाकलेल्या लॅटिन लिपीतल्या मजकुरावर मंजूर करून घेऊ नका. वेलांट्या-उकारांना जागा लागते, ओळींमधलं अंतर १.६ ते १.८ पट तरी ठेवावं लागतं. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची फॅशन देवनागरीत शिरोरेषा तोडते.

प्रश्न : साइट नव्या होस्टिंगवर नेली आणि क्लायंटचे ईमेल येणं बंद झालं. ईमेलला तर हातही लावला नव्हता!

उत्तर : लावला होता, नेमसर्व्हर बदलून. डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) सगळ्या डीएनएस नोंदी, म्हणजे त्या नावाची साइट आणि मेल कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदी, नेमसर्व्हरवर असतात. तो बदलला की साइटचा पत्ता सांगणाऱ्या ए नोंदीबरोबर मेल कुठे द्यायची ते सांगणारी एमएक्स नोंद, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या नोंदी), सगळं मागे राहतं. एमएक्स सापडली नाही तर पाठवणारा सर्व्हर ए नोंदीच्या पत्त्यावर मेल द्यायला जातो, म्हणजे तुमच्या नव्या वेबसर्व्हरवर. तिथे दार बंद असेल तर तो सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. स्पष्ट नकार मिळाला तर मेल परत जाते. म्हणून घाई करा. जुन्या नोंदी अजून जुन्या ठिकाणी असतील तर तिथून जशाच्या तशा नव्या जागी उतरवा.

पुढच्या वेळी नेमसर्व्हरला हात न लावता फक्त ए नोंद बदला (असली तर एएएए, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्याची नोंदही). एक दिवस आधी सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या आणि टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) ८६४०० असेल तर ३०० करा. ८६४०० सेकंद म्हणजे २४ तास. तेवढा वेळ आधी हा बदल केला नाही, तर लोकांना जुनाच पत्ता मिळत राहतो. जुनं होस्टिंग किमान आठवडाभर चालू ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी हे काम काढू नका. साइट हलल्यावर संपर्काचा फॉर्म स्वतः भरून मेल पोचते का बघा, जुन्या पानांचे पत्ते ३०१ ने (‘पान कायमचं हलवलं’ या सूचनेने) नव्यांकडे वळवा. साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर ‘रीडिंग’ सेटिंगमधली सर्च इंजिनांना दूर ठेवणारी खूण काढलीत का तेही बघा. स्टेजिंगवर लावलेली ती खूण तशीच राहिली तर साइट गूगलमध्ये दिसत नाही आणि कारण कळेपर्यंत महिने जातात.

प्रश्न : क्लायंट म्हणतो, डोमेन तुमच्याच नावावर घ्या. घ्यावं का?

उत्तर : नको. त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर. तुम्हाला फक्त वापरण्यापुरता प्रवेश. तुमचं कार्ड संपलं आणि नूतनीकरण राहिलं तर त्याची साइट आणि मेल एकाच दिवशी बंद पडतील, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. ‘नंतर त्याच्याकडे देऊ’ म्हणाल, तर नव्याने घेतलेलं डोमेन सहसा ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही. पैसे बुडू नयेत म्हणून डोमेन हातात ठेवणारेही असतात. त्यांनी हप्ते नीट बांधावेत.